शब्दचर्चा: चर्चने लग्न ‘रद्द’ केलं, ‘शून्य’ ठरवलं की ‘घटस्फोट’ दिला?

विचारणा (फोंडा)

अर्ज, प्रतिज्ञापत्रं मराठीत लिहून देणं हे माझं रोजचं काम. परवा एक कॅथलिक बाई आल्या. त्यांच्या जुन्या एका कागदावर कोणीतरी ‘घटस्फोटित’ लिहिलेलं होतं. तो शब्द पुन्हा येता कामा नये, असं त्यांनी बसण्याआधीच सांगितलं. मग काय लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, “म्हजें काजार जालेंच ना” (माझं लग्न झालंच नाही). कोकणीत त्यांनी एका वाक्यात सांगितलं, पण मराठीत मला सरळ शब्द सुचेना. ‘लग्न रद्द’ चालेल का? आणि लग्न हा ‘करार’ आहे असं कॅथलिक घरासाठीच्या मजकुरात लिहावं का? गोव्याच्या कायद्याच्या कागदांत तो शब्द सारखा येतो.

उत्तर (म्हापसा)

ताई, त्या बाईंचं बरोबर आहे. तिन्ही शब्द वेगळे आहेत आणि ते नीट वापरायला हवेत.

घटस्फोट म्हणजे खरं, वैध लग्न होतं, ते मोडलं. रद्द म्हणजेही होतं, पण काढून टाकलं, जशी एखादी ऑर्डर रद्द होते. चर्चचं न्यायाधिकरण यातलं काहीच करत नाही. ते मागे जाऊन वेदीसमोरच्या त्या दिवसाची तपासणी करतं. संमती मोकळी होती का? कोणी दबाव आणला होता का? लग्नाची मूळ जबाबदारी पेलण्याची मानसिक कुवत दोघांत होती का? उत्तर ‘नाही’ असं सिद्ध झालं, तर ते लग्न पहिल्यापासूनच बांधलं गेलं नव्हतं असं जाहीर होतं. कायद्याच्या मराठीत यालाच ‘शून्य विवाह’ म्हणतात आणि तोच शब्द इथे चपखल बसतो. ‘चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह शून्य असल्याचे घोषित केले’ असं लिहा. ‘घोषित’ गाळू नका, कारण न्यायाधिकरण काही मोडत नाही, आधीपासून जे होतं ते सांगतं.

मी आमच्या फिर्गजेत (चर्चच्या स्थानिक धर्मविभागात) लग्नाआधीच्या वर्गाला मदत करतो. तिथे हा विषय निघाला की कोणीतरी हळूच विचारतंच, “मग पोरं अनौरस ठरतात?” नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे 1983 च्या धर्मविधिसंहितेच्या, कलम 1137 मध्ये हे स्पष्ट आहे: लग्न वैध समजून केलेलं असेल, तर मुलं औरसच. एका चुकीच्या शब्दाने एखाद्या आईच्या मनाला किती वर्षं घोर लागतो, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून इतका आग्रह.

आता ‘करार’. हा शब्द गोव्यात दोन दारांनी आला. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर 1910 च्या डिसेंबरमधल्या हुकूमनाम्याने लग्न हा नागरी करार ठरवला आणि घटस्फोटाचा कायदा त्याच्या महिनाभर आधीच आला होता. पुढे 1940 मध्ये पोपची गादी आणि पोर्तुगाल यांच्यात समझोता झाला आणि 1946 च्या हुकूमनाम्याने तो इथवर पोचला. चर्चमधल्या लग्नाला नागरी मान्यता मिळाली. चर्चमध्ये लग्न करणारा घटस्फोटाचा हक्क सोडतो, असंही त्या समझोत्यात मानलं गेलं. पोर्तुगालने 1975 मध्ये ही अट बदलली, पण तोवर गोवा भारतात येऊन तेरा वर्षं होऊन गेली होती.

दुसरं दार आपल्या मराठी बायबलचं. ‘जुना करार’, ‘नवा करार’ आपण रोज म्हणतो. तिथला करार देवाने माणसांशी बांधलेला आहे आणि माणसाने मोडला तरी देव मोडत नाही. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पतिपत्नीचं नातंही कराराचं मानलं आहे. म्हणजे रजिस्ट्रारच्या टेबलावर आणि वेदीवर एकच अक्षरं, पण अर्थ निराळे. एकात अटी आणि वाटे असतात. दुसऱ्यात माणूस स्वतःलाच देऊन टाकतो. म्हणून धार्मिक मजकुरात नुसतं ‘करार’ लिहू नका. ‘विवाहसंस्कार’ लिहा, किंवा ‘आजन्म करार’.

प्रतिसाद (डिचोली)

आमच्याकडे हिंदू घरांतही ‘सही झाली’ म्हणजे अर्धं लग्न झालं असं मानतात. रजिस्ट्रारकडे पहिली सही, मध्ये ठरावीक दिवस, मग दुसरी सही. दुसऱ्या सहीनंतर मांडव पडण्याआधीच बिनसलं, तर कायद्याने लग्न झालेलंच असतं आणि ते सोडवायला कोर्टात जावं लागतं. कॅथलिक लोकांत रजिस्ट्रारचा ना-हरकत दाखला इगर्जेत (चर्चमध्ये) नेतात, पाद्रीसमोर लग्न होतं आणि त्याची नोंद परत रजिस्ट्रारकडे जाते. त्यामुळे त्यांच्यात ‘सही झाली’ म्हटल्यावर नेमकं काय झालं, हे विचारून घ्यावं लागतं.

प्रतिसाद (वसईची, आता मडगाव)

माझं माहेर वसई, तिथे आम्ही चर्चला ‘ख्रिस्तसभा’ आणि फिर्गजेला ‘धर्मग्राम’ म्हणतो. एक फरक ध्यानात ठेवा. 1946 च्या हुकूमनाम्यामुळे चर्चच्या निकालाला उच्च न्यायालयामार्फत नागरी परिणाम मिळण्याची वाट गोव्यात आहे. वसईत ती नाही. चर्चने शून्य घोषित केलं तरी कायद्याने लग्न उभंच राहतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केलं. माझ्या ओळखीत एकीने चर्चचा कागद मिळाल्यावर सगळं संपलं असं धरलं आणि दुसऱ्या लग्नाच्या वेळी तिची फार फरफट झाली. तेव्हा कागदावर ‘चर्चच्या न्यायाधिकरणाने’ हे शब्द हवेतच.

आणखी एक शब्द मला सतावतो. ‘मिशन’ला मराठी वर्तमानपत्रं सरसकट ‘धर्मप्रसार’ लिहितात. आम्ही ‘प्रेषितकार्य’ म्हणतो, म्हणजे ज्याने पाठवलं त्याचं काम. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या समान नागरी कायद्याचं कौतुक केलं, उत्तराखंडचा कायदा 2025 च्या जानेवारीत लागू झाला आणि आता सगळीकडे विचारतात, चर्च काय करणार? माझं मत असं की कायदा आपलं काम करो. मोडलेल्या घरातल्या माणसाला दाराबाहेर उभं न करणं, लग्नाला निघालेल्या पोरांना ‘संमती’ म्हणजे काय ते नीट शिकवणं, हे प्रेषितकार्य कुठल्याही कायद्याखाली करता येतं. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी शून्यतेच्या खटल्यात दुसऱ्या न्यायाधिकरणाच्या सहमतीची अट काढली, तीही लोकांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवू नये म्हणूनच.

प्रतिसाद (म्हापसा)

वसईच्या ताईंशी पूर्ण सहमत. याच ओघात ‘आशीर्वाद’. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये समलिंगी विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने संसदेकडे सोपवला आणि डिसेंबरमध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना धर्मगुरू साधा आशीर्वाद देऊ शकतात असं म्हटलं. लगेच ‘चर्चकडून विवाहाला मान्यता’ असा अर्थ लावला गेला. त्याच निवेदनात विवाहाची शिकवण बदललेली नाही असं स्पष्ट होतं. इथे ‘आशीर्वाद’ला ‘आशीर्वाद’च म्हणावं. त्याला ‘विवाह’ म्हटलं तर शिकवण चुकीची सांगितली जाते, आणि त्याची किंमत कमी केली तर ज्याला तो दिला त्या माणसाचा अपमान होतो.

विचारणा (फोंडा)

सर्वांचे आभार. मी असं लिहिते: ‘माझा दि. … रोजी झालेला विवाह चर्चच्या न्यायाधिकरणाने शून्य असल्याचे घोषित केले असून उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नागरी नोंदीत तशी दुरुस्ती झाली आहे.’ दुसरा भाग त्यांच्याकडे आदेशाची प्रत असली तरच ठेवेन. ‘वैवाहिक स्थिती’च्या रकान्यात मात्र काय भरू? ‘अविवाहित’?

प्रतिसाद (डिचोली)

उच्च न्यायालयाचा आदेश असेल तर ‘अविवाहित’च. आदेशाची प्रत सोबत जोडा, नाहीतर खिडकीवरचा कारकून परत पाठवील.