मदत हवी आहे: डीटीपीसाठी पीसी असेंबल करून घ्यावा की कंपनीचा तयार?

मात्रावेलांटी:

नमस्कार मंडळी. कराडला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, फ्लेक्सची डिझाइनं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि वर्षाला एखाद-दुसरा दिवाळी अंक, असं काम. सध्याचं मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या आय-थ्री प्रोसेसरचं आहे. रॅम ८ जीबी, वर विंडोज १०. त्या विंडोजचे नेहमीचे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे आमचं मशीन बाद. तेही रेटलं असतं, पण वीस बाय दहाचा फ्लेक्स कोरलमध्ये उघडायला घेतला की गिऱ्हाईक खाली जाऊन चहा पिऊन येतं तरी फाइल उघडतेच आहे.

सॉफ्टवेअर म्हणाल तर कोरलड्रॉ, फोटोशॉप, इनडिझाइन आणि मराठी फॉन्टसाठी डोंगलवाली श्रीलिपी (यूएसबीत छोटी किल्ली लावली तरच चालते ती). जुन्या अंकांच्या फाइली पेजमेकर या जुन्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्या अधूनमधून उघडाव्या लागतात. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही.

घरात दोन पक्ष पडलेत. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, "मावशी, असेंबलच कर, तयार मशीनमध्ये नुसते नावाचे पैसे." आमचे प्रेसवाले काका म्हणतात कंपनीचं घे, बिघडलं की माणूस दारात येतो. मला वेगाइतकीच काळजी बंद पडण्याची आहे. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्टपासून अहवालांची रांग लागते आणि ती संपते न संपते तोच दिवाळी अंक. त्या काळात मशीन आठवडाभर बसलं तर माझा हंगाम गेला.

इथल्या दुकानदाराने चिठ्ठीवर दिलेलं कोटेशन जसंच्या तसं टाकते:

"आय-५ १२४००एफ ट्रे, एच६१० बोर्ड, रॅम १६ जीबी डीडीआर४, एसएसडी ५१२ एनव्हीएमई, एसएमपीएस ४५० वॉट, कॅबिनेट. ४३,०००. विंडोज टाकून देऊ."

कंपनीचा टॉवर, त्याच तोडीचा आय-५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, विंडोज ११ सकट ६१,००० ला मिळतोय. मॉनिटर दोन्हींत नाही, माझा जुना १९ इंची आहे. अठरा हजारांचा फरक आहे, म्हणून कल असेंबलकडे. जाणकारांनी सांगावं.

---

सोल्डरगन:

ताई, त्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. आधी "१२४००एफ" मधला तो एफ बघा. इंटेलमध्ये एफ म्हणजे प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स बंद. आणि कोटेशनमध्ये ग्राफिक्स कार्ड कुठेच नाही! मशीन चालू होईल, पंखे फिरतील, पडद्यावर मात्र काळोख. मग दुकानदार सांगणार, "मॅडम, कार्ड घ्यावं लागेल." तुमच्या कामाला कार्डाची गरजच नाही. साधा १२४०० घ्या, त्यातलं आतलं ग्राफिक्स कोरल-फोटोशॉपला पुरतं.

दुसरा शब्द "ट्रे". हे प्रोसेसर मुळात मशीन बनवणाऱ्या कंपन्यांसाठी सुट्टे येतात. त्यांना खोका नसतो, पंखा नसतो आणि ग्राहकाला इंटेलची थेट वॉरंटीही नसते, दुकानदार देईल तेवढीच. डबाबंद घेतला तर तीन वर्षांची वॉरंटी आणि सोबत पंखा. डब्यावरचा नंबर बिलावर लिहून घ्या.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. "४५० वॉट" हे काही नाव नव्हे. बाजारात ४५० छापलेले असे डबे आहेत की उचलले तर रिकामे वाटतात. किमान ८० प्लस ब्रॉन्झवालं (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), नावाजलेल्या कंपनीचं आणि तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असलेलं घ्या. हजार-दीड हजार जास्त जातील. आपल्याकडे वीज ज्या पद्धतीने जाते-येते, त्यात स्वस्त एसएमपीएस मरताना बोर्डालाही सोबत नेतं. मी दुरुस्तीलाच बसतो, हे नेहमी बघतो.

एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड चालेल. फक्त त्यावर महागडी जेन ४ (चौथ्या पिढीची) एसएसडी घेऊ नका. या चिपसेटवर बहुतेक बोर्डांत एसएसडीला जेन ३ चाच वेग मिळतो, सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास. तुमच्या जुन्या हार्ड डिस्कच्या कितीतरी पट आहे तो, फ्लेक्स पटकन उघडेल. आणि जुना १९ इंची मॉनिटर म्हणजे व्हीजीए, जुन्या पद्धतीच्या जोडणीचा असणार. बोर्डाला व्हीजीए पोर्ट आहे ना, तेवढं विचारून घ्या.

---

पक्कंबिल:

"विंडोज टाकून देऊ" म्हणजे क्रॅक टाकून देऊ, हे सांगायला नको. संस्थांचे अहवाल करता, त्यांचे ताळेबंद तुमच्या मशीनवर असतात, क्रॅकसोबत काय काय येतं ते कोणी बघितलंय? अस्सल परवान्याची किंमत धरा, एफ नसलेला डबाबंद प्रोसेसर आणि बरं एसएमपीएस धरा, की अठरा हजारांतले चार-पाच हजारही उरतात की नाही शंका आहे. तेव्हा 'असेंबल स्वस्त' हा मुद्दा बाजूला ठेवूनच विचार करा.

आणखी एक. तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची ठोक कराची योजना) नसाल, तर संगणकावरचा १८ टक्के कर इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो. त्यासाठी तुमच्या नंबरसकट पक्कं बिल हवं. चिठ्ठीवरचे ४३ हजार कच्चे आणि कंपनीचे ६१ हजार करासकट असतील तर तुलनाच चुकीची आहे. ६१ मधले नऊ हजारांवर कराचेच निघतात. शिवाय आयकरात संगणकावर घसारा ४० टक्के मिळतो, पण बिल असेल तरच.

---

घाटावरचा:

मी काकांच्या बाजूने. सध्या तरी तयार मशीन घ्या. कारण रॅम. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव कुठच्या कुठे गेलेत. चिप बनवणाऱ्यांनी मोर्चा एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवलाय, तिथे पैसा जास्त. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग घेणाऱ्याला हा भाव रोखीने मोजावा लागतो. तयार मशीन आधीच्या स्टॉकमधलं असेल तर रॅम त्यात जुन्या भावात बसलेली असते. स्टॉक संपला की तेही महागणार.

वर ऑनसाइट वॉरंटी, म्हणजे माणूस दुकानात येऊन दुरुस्त करणार. असेंबलमध्ये प्रत्येक भागाचा बाप वेगळा. बोर्ड एकाकडे, एसएसडी दुसऱ्याकडे, आणि कुठला भाग गेलाय हे आधी तुम्ही शोधायचं.

---

सोल्डरगन:

@घाटावरचा, रॅमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ऑनसाइटचं मात्र निम्मं. ताई, घेण्याआधी कंपनीच्या साइटवर तुमचा पिनकोड टाकून बघा. 'पुढच्या कामकाजाच्या दिवशी' हे शहरांपुरतं असतं. तालुक्याच्या गावाला माणूस यायला वेळ लागतो, कधीकधी भाग आधी मागवावा लागतो. कराडला माणूस बहुधा कोल्हापूर नाहीतर पुण्याहून येणार.

आणि वॉरंटी संपल्यावर काय? कंपन्यांच्या बऱ्याच टॉवरमध्ये एसएमपीएस त्यांच्याच आकाराचं, त्यांच्याच पिनांचं असतं. बोर्डही साध्या कॅबिनेटमध्ये बसत नाही. हार्ड डिस्कची वीज बोर्डातून निघते, तीही खास वायरने. चौथ्या वर्षी ऐन सप्टेंबरात एसएमपीएस गेलं तर कराडात ते मिळणार नाही. असेंबलचं एटीएक्स, म्हणजे प्रमाण आकाराचं एसएमपीएस कुठल्याही दुकानात कपाटावर पडलेलं असतं, अर्ध्या तासात मशीन चालू. मला विचाराल तर असेंबल घेण्याचं हेच एक खरं कारण, बाकी पैशाबिशाच्या गप्पा.

---

मात्रावेलांटी:

एवढं बारकाईने वाचल्याबद्दल सगळ्यांचे आभार. पिनकोड टाकून बघितला. ऑनसाइट दाखवतोय, पण खाली बारीक अक्षरात 'ठिकाणानुसार जास्त दिवस लागू शकतात' असं आहे. जीएसटी आहे, कंपोझिशन नाही. दुकानदाराला एफबद्दल विचारलं तर म्हणे, "मॅडम, तुम्ही ग्राफिक्सचं काम करता म्हणून कार्ड नंतर सुचवणार होतो." असो!

मध्येच एकाने नवा फाटा फोडलाय. ऑफिसांतून निघालेली रिफर्बिश्ड मशीन वीस-बावीस हजारांत मिळतात म्हणे, आठव्या पिढीचा आय-५. ते घेऊन उरलेले पैसे चांगल्या मॉनिटरवर घालू का?

---

घाटावरचा:

मुख्य मशीन म्हणून नको. आठवी पिढी विंडोज ११ ची उंबरठ्यावरची पायरी आहे, पुढच्या विंडोजला ती चालेल याची हमी कोण देणार? शिवाय ती बहुतेक चपटी, छोट्या कॅबिनेटची असतात आणि सोल्डरगन म्हणतात ती एसएमपीएसची अडचण त्यांना दुपटीने.

पण जोडीचं मशीन म्हणून विचार जरूर करा. मी वर वॉरंटीची बाजू घेतली खरी, पण डेडलाइनच्या कामाला सगळ्यात भक्कम वॉरंटी म्हणजे शेजारी चालू स्थितीत उभं असलेलं दुसरं मशीन. ते मंद असलं तरी चालतं. डोंगल काढायचं, तिकडे लावायचं, प्रूफ पुढे सरकतं.

---

सोल्डरगन:

त्यासाठी वीस हजारही घालू नका. तुमचा आय-थ्री आहे ना? त्यात साधी साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसते ती) टाका. एवढ्यावरही ते मशीन ओळखू येणार नाही इतकं पळेल. इंटरनेट मात्र त्याला लावू नका, विंडोज १० ला आता नेहमीचे अपडेट नाहीत. फाइली पेनड्राइव्हने न्या, आणि तो आधी नव्या मशीनवर तपासून.

पेजमेकरही तिथेच राहू द्या. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, १६ बिटचे जुने इन्स्टॉलर तिच्यावर चालतच नाहीत. जे लागलेलं आहे, चालतंय, ते हलवू नका. जुन्या अंकांच्या पीडीएफ मात्र आताच काढून ठेवा, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलीतच बसवून.

---

पक्कंबिल:

मॉनिटरचं ताई बरोबर बोलल्या. छपाईला देणारा माणूस १९ इंची जुन्या पॅनेलवर रंग ठरवतो हे मला झेपत नाही. एसआरजीबी (पडद्यांसाठीचे प्रमाण रंग) जवळजवळ पूर्ण दाखवणारा साधा आयपीएस पॅनेलचा २४ इंची घ्या. लग्नपत्रिकेतला कुंकवाचा लाल पडद्यावर एक आणि कागदावर दुसरा, हे भांडण निम्म्याने कमी होईल. पूर्ण नाही, कारण शाई शेवटी सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग.

---

मात्रावेलांटी:

ठरलं. असेंबल घेतेय, पण चिठ्ठी बदलून. डबाबंद १२४००, ब्रॉन्झ एसएमपीएस, विंडोजचा रिटेल परवाना, पक्कं बिल. सगळं मिळून कंपनीच्या मशीनपेक्षा फार काही वाचत नाहीये, हे खरं. पण हा दुकानदार दहा मिनिटांवर आहे आणि 'सीझनमध्ये भाग आधी बदलून देईन, वॉरंटीचं मागून बघू' हे बिलावर लिहून द्यायला तयार आहे. काकांना अजून पटलेलं नाही. आय-थ्रीला एसएसडी टाकतेय. मॉनिटर पुढच्या महिन्यात.

एकच राहिलं. रॅमच्या कांड्या ८ जीबीच्या दोन घेऊ की १६ ची एक? बोर्डाला दोनच खाचा आहेत.

---

सोल्डरगन:

आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे दोन कांड्यांनी थोडा वेग जास्त मिळतो. तरी तुमच्यासाठी मी १६ ची एकच म्हणेन. दोन्ही खाचा भरल्या तर पुढे ३२ करताना आधीच्या दोन्ही काढून टाकाव्या लागतील. एक खाच रिकामी ठेवा, भाव उतरले की दुसरी घाला.

परवाना रिटेलचा घेताय ते उत्तम. उद्या बोर्ड बदलला तरी तो नव्यावर नेता येतो, मशीनसोबत येणारा ओईएमचा परवाना बोर्डाला चिकटून बसतो. रिटेल परवान्याचा की-क्रमांक एका वहीत लिहून ठेवा.

युपीएस ६०० व्हीएचा असेल तर त्याचे वॉट साधारण ३६०. मशीन आणि मॉनिटर आरामात निघतात, पण लेझर प्रिंटर चुकूनही त्यावर लावू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आजच. आणि डोंगल मागच्या यूएसबीत लावा. पुढे लावलेली डोंगलं झाडूच्या फटक्याने मोडतात.