कृष्णवर्णीय मुलांना गणित शिकवतो, पण त्यापलीकडे काय करावे?

शनिवारची_शिकवणी (प्रश्न):
मी शिकागोपासून तासाभराच्या अंतरावर राहतो आणि गेली दोन वर्षे दर शनिवारी ग्रंथालयात शाळकरी मुलांना गणित शिकवतो. सहांपैकी पाच जण कृष्णवर्णीय मुलगे आहेत. त्यांतील आठवीतला एक इतका तरबेज आहे की माझे समीकरण लिहून होईपर्यंत त्याचे उत्तर तयार असते. तरीही ‘उद्धट वर्तन’ या कारणाखाली यंदा त्याला दोनदा शाळेतून निलंबित करण्यात आले, आणि आता नववीच्या वरच्या गणितासाठी त्याचे नाव सुचवण्यास शिक्षक तयार नाहीत. त्याच्या आईला न दुखावता आणि आपण परके आहोत याचे भान ठेवून मी काय करू शकतो?

फळा_आणि_डस्टर:
मी इथल्या सरकारी शाळांत सोळा वर्षे शिकवले आहे, म्हणून आधी त्या दोन शब्दांकडे पाहा असे सुचवते. खिडकी फोडली की नाही हे पडताळता येते. उद्धटपणा मात्र शिक्षकाला काय वाटले यावर ठरतो, आणि तिथेच पूर्वग्रहाला वाव मिळतो. २०१५-१६ च्या केंद्रीय आकडेवारीनुसार सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुलगे सुमारे ८ टक्के होते, पण शाळेबाहेर निलंबित झालेल्यांत ते २५ टक्के होते. हा प्रकार बालवाडीपासून दिसतो, यावरून काय ते समजावे.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये सप्टेंबर २०१६ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार निलंबनाच्या लेखी निर्णयात नेमके कोणते कृत्य घडले आणि तेवढेच दिवस का, हे शाळेने नमूद करावे लागते. ते पत्र आईने मागावे, तुम्ही नव्हे. शिवाय २०१८ पासून लागू असलेल्या प्रवेगित शिक्षणाच्या (म्हणजे तरबेज मुलांना वरच्या पातळीचे विषय आधीच शिकू देण्याच्या) कायद्यामुळे मुलाचे नाव पालकही सुचवू शकतात. शिक्षकाची नाराजी हा शेवटचा शब्द नसतो.

साधा_वाचक:
नियम ठीक आहेत, पण घरी वळण लावणारे कोणी नसेल तर कायदा किती पुरणार?

आकडेमोड:
हा समज आपल्या लोकांत फार पसरलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, सारख्याच उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या मुलांची तुलना केली तरी देशातील ९९ टक्के वस्त्यांत कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलांपेक्षा कमी कमावताना आढळले. मुलींमध्ये मात्र अशी तफावत जवळजवळ नव्हती. एकाच घरातील बहीण आणि भाऊ यांचे वळण वेगळे असते असे म्हणायचे आहे काय? ज्या मोजक्या वस्त्यांत ही तफावत कमी होती, तिथे गरिबी आणि वर्णद्वेष कमी होता आणि वस्तीत कृष्णवर्णीय वडील अधिक संख्येने होते, मग ते त्या मुलाचे स्वतःचे वडील असोत वा नसोत.

शाळेतही तेच दिसते. उत्तर कॅरोलायनातील गरीब कृष्णवर्णीय मुलग्यांना तिसरी ते पाचवीत किमान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तर पुढे शाळा सोडण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. असे शिक्षक आज कमी का आहेत, याचे एक उत्तर इतिहासात आहे: वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत शाळा एकत्र झाल्या, तेव्हा हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.

गोलात_बसणारा:
शिकागोत २००१ पासून ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा किशोरवयीन मुलग्यांसाठीचा उपक्रम चालतो. त्यातील एका खेळात जोडीतल्या एका मुलाच्या हाती चेंडू देतात आणि दुसऱ्याला तो तीस सेकंदांत मिळवायला सांगतात. बहुतेक जण झटापट करतात. नंतर मार्गदर्शक विचारतो, ‘नुसता मागितला का नाहीस?’ मुलगा म्हणतो, त्याने दिलाच नसता, वर मला भित्रा समजला असता. मग चेंडूवाल्याला विचारले की तो म्हणतो, दिला असता, चेंडूच तर होता! चिठ्ठ्या टाकून निवड करावी तशी मुले निवडून घेतलेल्या चाचण्यांत, उपक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. समोरच्याच्या मनात काय आहे हे आधी विचारावे, एवढाच त्या खेळाचा सराव असतो. माझ्या मते तो शिक्षकांकडूनही करून घ्यायला हवा.

शनिवारची_शिकवणी:
सर्वांचे आभार. निलंबनाचा लेखी निर्णय मागणारे आणि वरच्या गणितासाठी नाव सुचवणारे, अशी दोन्ही पत्रे आईने स्वतः लिहिली. मी केवळ कायद्यांची नावे दिली. चेंडूची गोष्ट वाचून मात्र ओशाळलो, कारण त्या दिवशी वर्गात नेमके काय घडले हे मीही त्याला कधी विचारले नव्हते. काल विचारले. त्याची सगळी गणिते सोडवून झाली होती, म्हणून तो शेजाऱ्याला समजावत होता. बाईंनी गप्प बसायला सांगितले, तेव्हा त्याने विचारले, ‘मग आता मी काय करू?’