'आरसी'च्या ओळी झाडून टाकाव्यात की राहू द्याव्यात?

खडेबाजार_डीटीपी: बेळगावातल्या आमच्या दुकानात उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) कन्नड-मराठी लग्नपत्रिका होतात. काल डीपीकेजीची, म्हणजे पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी काढली, तर 63 ओळींच्या सुरुवातीला 'आरसी'. म्हणजे पॅकेज काढलंय, पण त्याच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली ईटीसी फोल्डरात तशाच. निम्म्याहून जास्त जुन्या कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या). माझं मत: सगळं पर्ज करा, म्हणजे कॉन्फिगसकट पुसा. भाडेकरू गेला, मग दारावर पाटी कशाला? पॅकेज घालणाऱ्या-काढणाऱ्या एपीटीत 2.0 पासून (2020) एकाच आज्ञेत होतं: एपीटी पर्ज, पुढे अवतरणात टिल्डा-सी, म्हणजे 'आरसी'वाली सगळी पॅकेजं.

उद्यमबाग_लेथ: थांबा की ओ! पाटी नव्हे, ट्रंक ठेवून गेलाय भाडेकरू. त्या ओळी डिस्क खातात किती? स्टेटस फाइलीत नखभर. मी असाच सगळं झाडून टाकलो होतो. ड्रॉइंगांची फोल्डरं नेटवर्कवर वाटायला सांबा होता, तो आधीच काढला होता. पर्ज केलो आणि त्याची सेटिंगची फाइल एसएमबी डॉट कॉन्फ गेली. दिवाळीनंतर परत सांबा घातलो, तर कोरीकरकरीत फाइल. कुठलं फोल्डर कुणाला, दोन रात्री आठवत बसलो. नुसत्या रिमूव्हवर (कॉन्फिग ठेवून काढण्यावर) थांबलो असतो तर जुनी जागेवर मिळाली असती.

खडेबाजार_डीटीपी: बॅकअप नव्हता, हा दोष पर्जचा?

उद्यमबाग_लेथ: होता की. त्याच फोल्डरात, शेजारी. हसू नका.

निपाणीकरीण: जागेचा वाद सोडा, तो मुद्दाच नाही. 'क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्याच्या) उरलेल्या फाइली चालत राहतील' ही भीतीही फारशी खरी नाही; पॅकेज गेल्यावर त्या गुपचूप थांबाव्यात असा डेबियनचा (उबुंटू ज्यावर उभं आहे त्याचा) नियमच आहे. खरी गोची हातानं साफ करणाऱ्यांची होते. आमच्या ऑफिसात एकानं एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रिमूव्ह केला आणि ईटीसीतलं त्याचं फोल्डर आरएम या पुसायच्या आज्ञेनं उडवलं. पुन्हा इन्स्टॉल केलं तर कॉन्फिगच येईना! डीपीकेजीच्या नोंदीत ती फाइल अजून होती. तुम्ही मुद्दाम पुसली, असं समजून त्यानं ती परत ठेवली नाही. शेवटी त्या कॉन्फिगचं पॅकेज एनजिनएक्स-कॉमन पर्ज करून नव्यानं घालावं लागलं. त्यामुळे घालवायचंच तर पर्जनंच घालवा, पण एकेक नाव वाचून. पर्ज त्या पॅकेजची मागे राहिलेली पोस्टआरएम (काढल्यानंतरची) स्क्रिप्ट चालवतो. मारियाडीबीसारख्या डेटाबेस सर्व्हरची ओळ असेल तर ती डेटाबेसही पुसू का म्हणून विचारते. तिथे सवयीनं 'हो' म्हणणाऱ्याला देवच वाचवो.

खडेबाजार_डीटीपी: टिल्डा-सी एकदम नको, हे मान्य. बाकी मत तेच: यादी वाचता आली पाहिजे. आत्ता कर्नलच्या तेवढ्या पर्ज केल्या, 34 गेल्या, 29 उरल्या. उद्यमबाग, त्यात सांबाचंच सांबा-कॉमन पॅकेजही निघालंय. आम्ही सांबा कधी वापरत होतो कोण जाणे. आधी फाइल उघडून बघतो.