पिमन शाखेतील भाषा एकमेकींपासून इतक्या दूर असूनही एका शाखेच्या कशा मानल्या जातात?

अनघा_वाचन: नमस्कार. ऊटो-अ‍ॅझ्टेकन या पश्चिम अमेरिका आणि मेक्सिकोतील मूळ भाषांच्या कुळाचा नकाशा पाहताना एक प्रश्न पडला. पिमन शाखेतील ओओधाम भाषा दक्षिण ॲरिझोना आणि लगतच्या मेक्सिकोतील सोनोरा राज्याच्या उत्तर भागात बोलली जाते, तर त्याच शाखेतील दक्षिणी तेपेवान हजार किलोमीटरांहून अधिक दूर, मेक्सिकोच्या दुरांगो आणि नायारित राज्यांत. मधल्या प्रदेशात याकी, ओपाता (आता नामशेष), ताराउमारा या त्याच कुळातील, पण पिमन नसलेल्या भाषा आहेत. असे असताना जवळच्या याकीपेक्षा दूरची तेपेवान ओओधामला अधिक जवळची, हे अभ्यासक कशावरून ठरवतात?

ध्वनिविचार: केवळ शब्द सारखे दिसतात म्हणून नव्हे, तर सर्वांनी मिळून केलेल्या ध्वनिबदलांवरून. मूळ ऊटो-अ‍ॅझ्टेकन भाषेतील ‘व’ पिमनमध्ये ‘ग’ झाला, ‘क्व’चा ‘ब’ झाला आणि ‘स’चा ‘ह’. ‘दोन’साठी याकीत ‘वोई’, तर ओओधाममध्ये ‘गोक’. ‘डोळा’साठी याकीत ‘पूसी’, तर ओओधाममध्ये ‘वुही’. दक्षिणी तेपेवानमध्येही ‘दोन’ला ‘गोक’ असेच रूप आहे. एखादा बदल दोन ठिकाणी स्वतंत्रपणे होऊ शकतो; परंतु ‘व’चा ‘ग’ होण्यासारखा विशेष बदल इतर अनेक बदलांसह सर्व पिमन भाषांत आढळतो, तेव्हा तो त्यांच्या समाईक पूर्वज भाषेतच घडून गेला होता, असे मानणे भाग पडते.

या बदलांचा क्रमही सांगता येतो, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिमनमध्ये मूळ ‘च’चा ‘स’ झाला. हा नवा ‘स’ जर जुना ‘स’ नाहीसा होण्याआधी आला असता, तर दोन्ही एकरूप होऊन दोघांचाही ‘ह’ झाला असता. तसे झालेले नाही; म्हणजे ‘स’चा ‘ह’ आधी झाला.

सोनोरा_अभ्यासक: वरील उत्तरास एक पुरवणी. उत्तरेकडील ओओधाम, सोनोरा-चिवावा सीमेवरील पिमा बाहो, उत्तरी व दक्षिणी तेपेवान आणि हालिस्को राज्यातील आता नामशेष झालेली तेपेकानो, या सर्व भाषांचे परस्परसाम्य पाहता त्यांचे विलगीकरण कुळाच्या एकूण वयाच्या मानाने अलीकडचे असावे. डेव्हिड शॉल आणि जेन हिल यांनी 1998 मध्ये असे मांडले, की दक्षिण ॲरिझोनातील प्राचीन होहोकाम संस्कृतीच्या समाजात पिमन भाषक यूमन या वेगळ्या भाषाकुळाच्या भाषकांसह राहत होते आणि त्या सहवासाचा ठसा पिमन ध्वनिव्यवस्थेवर उमटला आहे. हे मत विचार करण्याजोगे आहे. मात्र शाखेची एकता त्यावर अवलंबून नाही, ती ध्वनिबदलांनीच सिद्ध होते.

अनघा_वाचन: दोघांचेही मनःपूर्वक आभार. क्रमाचा मुद्दा विशेष पटला. ओओधाममध्ये ‘ड’ आणि ‘ष’ हे मूर्धन्य ध्वनी आहेत, असे वाचले होते. ते इतर पिमन भाषांतही आहेत का, हे आता तपासून पाहते.