प्रतिसाद : चार व्हॉल्व्हची देणगी शर्यतीचीच

शर्यतीच्या गाड्यांचे तंत्र सामान्य माणसाच्या उपयोगाचे नसते, असे मत इथे मांडले गेले आहे; ते मला मान्य नाही. वाळूजच्या एमआयडीसीत सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) मशीनिंगचे काम करताना एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) असलेली रचना रोज हाताखालून जाते, आणि तिचे मूळ शर्यतीतच आहे. १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्री या मोटार शर्यतीत प्यूजोच्या ७.६ लिटर इंजिनाने फियाटच्या १४ लिटरच्या अवाढव्य इंजिनाला हरवले, ते दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे, सिलिंडरच्या वर बसवलेले दांडे) आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह यांच्या बळावर. दोन मोठ्या व्हॉल्व्हऐवजी चार लहान बसवले की हवेला वाट अधिक मिळते, प्रत्येक व्हॉल्व्ह हलका झाल्याने इंजिन जास्त फेरे सहन करते, आणि स्पार्क प्लग मधोमध आल्यामुळे ज्योत सर्व बाजूंना सारख्याच अंतरात पोहोचून इंधन नीट जळते. माझ्या मते हा तिसरा लाभ सर्वांत मोलाचा आहे. शर्यतीची देणगी म्हणून टर्बोचे (बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राचे) उदाहरण मात्र जपून द्यावे. रेनॉने तो १९७७ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आणला खरा, पण ट्रक आणि विमानांच्या इंजिनांत तो त्याआधीच रुळला होता.