नवीन दोन मजली घराला थ्री फेज हवीच का?

खटका: दोन मजली घर बांधायचं आणि महावितरणकडे अर्ज मात्र सिंगल फेजचा (वीज आणणारी एकच तार; थ्री फेजला तीन), हे काही पटत नाही. हिशेब बघा. दोन किलोवॅटचे दोन गीझर साधारण १७ अँपिअर, दीड टनाचे दोन एसी १४, इंडक्शन ९, एक एचपीचा पंप ६. झाले ४६. सिंगल फेज मिळते ४० पर्यंत. उद्या गाडीचा ७.४ किलोवॅटचा चार्जर आला तर तो एकटाच ३२ खातो.

जुनी वायर: सगळं एकदम लावतं कोण? सकाळी गीझर, रात्री एसी, टाकी भरली की पंप बंद. थ्री फेजचा स्थिर आकार मात्र दरमहा जास्त, वापरा न वापरा. तो पैसा वायरिंगमध्ये घाला. लाइट-पंख्याला दीड एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर) वायर, पॉवर सॉकेटला अडीच, एसी आणि गीझरला डीबीपासून (घरातल्या खटक्यांच्या पेटीपासून) प्रत्येकी वेगळी चार एमएमची लाइन. वायर जळते ती अडीचवर ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा लोडला आपोआप पडणारा खटका) ठोकल्यामुळे. खटका पडत नाही, वायर आतल्या आत तापत राहते.

खटका: मान्य, पण पोलवरचा एक फेज गेला की तुमचं घर अंधारात. थ्री फेजवाल्याच्या दोन खोल्या तरी चालू.

न्यूट्रल: फेज गेला तर अंधार होतो, न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) गेला तर फ्रिज जातो! थ्री फेजमध्ये मीटरपाशी न्यूट्रलचा स्क्रू ढिला पडला की कमी लोडच्या फेजवर २३० चे ३५० व्होल्टसुद्धा होतात. न्यूट्रल फेजइतकाच जाड घ्या, वायरच्या टोकाचा लग नीट दाबून (क्रिम्प) बसवा, ओव्हरव्होल्टेज कटऑफ लावा. दुसरी खोड वायरमनची: प्रत्येक फेजला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा खटका) देतो आणि पुढे बॉक्समध्ये दोघांचे न्यूट्रल एकत्र पिळतो. मग आरसीसीबी सारखा पडतो, आणि कंटाळून तोच बायपास होतो. शॉकपासून वाचवणारी वस्तू नेमकी ती.

जुनी वायर: मी वेगळं काय म्हणत होतो?

खटका: हा दोष कामाचा, फेजचा नाही. निदान मीटर ते डीबी पाईप तरी जाड टाका, पाच वायरी आरामात जातील असा. स्लॅबमध्ये २० एमएमचा पाईप गाडला गेला की पुढे थ्री फेज घेताना भिंतीत झिऱ्या मारत बसावं लागतं.

जुनी वायर: पाईप मान्य. अर्ज चार्जर दारात येईल तेव्हा.