मदत हवी आहे : जीएनआरएच या संप्रेरकाचं काम वर्गात कसं करून दाखवावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाचा १९७८ चा माकडांवरचा प्रयोग सांगितला : जीएनआरएच (मेंदूकडून पिट्युटरीला येणारा निरोप) तासातून एकदा, सहा मिनिटं सोडलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच-एफएसएच ही प्रजननाची संप्रेरकं देते, सतत सोडलं की दोन्ही घसरतात. मागच्या बाकावरून लगेच, "सर, जास्त दिलं तर जास्त नाही का यायचं?"

कपाशीत पाणी साचलं की ती पिवळी पडते, हे उदाहरण देऊन पाहिलं. पण त्यातून मुळं गुदमरणं कळतं, पेशीवरचे निरोप पकडणारे रिसेप्टर दाद देईनासे होणं नाही. फळ्यावर आलेख काढला, पोरांनी वहीत उतरवून घेतला, बस.

प्रोजेक्टर नाही, दुपारी लाइन नसते. तीस पोरं, एकच तास. थांबून थांबून आलेला निरोपच पिट्युटरीला का चालतो, हे वर्गात करून दाखवायला कुणी काही वापरलंय का?